रखमाबाईंचं लग्न व्हिक्टोरिया राणीने खरंच मोडलं होतं का?

वाचनवेडी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, एक प्रश्न घेऊन आलेय आणि त्याचं उत्तर जरा लवकर हवंय, कारण पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक आहे.

आमच्या इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा बायकांची बैठक असते, दर वेळी कोणीतरी एक विषय मांडते, या वेळी माझी पाळी होती. मी डॉ. रखमाबाईंवर बोलले. लहानपणी झालेलं लग्न, नवऱ्याने घातलेला दावा, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा हायकोर्टाचा निकाल आणि मी तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही हे त्यांचं उत्तर, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं की मग त्यांनी थेट व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि राणीने कोर्टाचा निकाल फिरवून ते लग्नच मोडीत काढलं. हे मी दोन-तीन ठिकाणी वाचलंय, दर २२ नोव्हेंबरला त्यांच्या जयंतीला फॉरवर्डही येतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतल्या आजी बोलल्या, वय वर्षं ८४, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या. म्हणाल्या, "अगं, एवढा तिचा हुकूम चालत होता तर तिने एकीचंच का मोडलं? बाकीच्या पोरींनी काय केलं होतं?" आजींना चौदावं लागलं आणि लगेच उजवलं. लग्नाच्या दोन दिवस आधी शाळेत जाऊन बाईंना विचारून आल्या होत्या म्हणे, की हळदीनंतर सहामाहीचा पेपर द्यायला येऊ का. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला पुढे बोलताच येईना. उत्तर तर नव्हतंच माझ्याकडे.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. राणीने असा हुकूम खरंच काढला होता का? आणि राणीला तसा अधिकार तरी होता का? आपण शाळेत शिकलो की इंग्लंडची राणी नामधारी असते, मग ती हायकोर्टाचा निकाल कसा फिरवेल? पण मग पहिली एलिझाबेथ तर सगळं स्वतः ठरवायची असंही वाचलंय, मग हे नामधारी प्रकरण सुरू झालं कधी? माझा नुसता गोंधळ झालाय. ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा प्लीज, मला आजींसमोर चुकीचं पुन्हा बोलायचं नाहीये.

दप्तरीकाका

ताई, सरळ उत्तर देतो. नाही. राणीने रखमाबाईंचं लग्न मोडलं नाही, कोर्टानेही मोडलं नाही. ते प्रकरण कोर्टाबाहेरच्या तडजोडीने संपलं.

क्रम असा. रखमाबाईंचं लग्न ११ व्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी तेव्हा १९ वर्षांचे. त्या सासरी कधी नांदायला गेल्याच नाहीत, आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा घातला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं होतं की जिने अजाणत्या वयात लग्न केलं, जी कधी नांदलीच नाही, तिला मोठेपणी जबरदस्तीने त्या घरात ढकलणं क्रूरपणाचं आहे, आणि मुळात असा दावा हिंदू कायद्यात नव्हताच, तो इंग्लंडच्या धर्मकोर्टांमधून इकडे आला. त्यावर दादाजींनी अपील केलं, १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल रद्द झाला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तो हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, बैठकीत जरूर सांगा. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची ही शिक्षा इंग्लंडमध्ये १८८४ सालीच रद्द झाली होती. म्हणजे दादाजींनी इथे दावा घातला त्याच वर्षी. राणीच्या स्वतःच्या देशातल्या बाईला जी शिक्षा देता येत नव्हती ती राणीच्याच नावाने चालणाऱ्या मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईंना सुनावली. मी जन्मभर कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये कागद सांभाळले, खूप निकाल हाताखालून गेले, पण ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून बघितली की अजून त्रास होतो.

पत्राचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. रखमाबाईंची लेखणी आधीपासून चालू होती, १८८५ मध्ये त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने पत्रं लिहिली होती. १८८७ साली व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली, ज्युबिलीची धामधूम होती, तेव्हा त्यांनी राणीला उद्देशून आवाहन केलं. पण त्यात मागितलं काय ते बघा. माझं लग्न मोडून द्या असं नाही मागितलं. मागितलं हे की हिंदू कायद्याच्या पुस्तकात थोडेसे शब्द बदला, मुलगा २० आणि मुलगी १५ वर्षांची व्हायच्या आत झालेलं लग्न कोर्टासमोर आलं तर ते कायदेशीर धरू नका. तुमच्या आजींनी जे विचारलं ना, बाकीच्या पोरींचं काय, तेच रखमाबाईंनी विचारलं होतं. राणीकडून तो बदल आला नाही.

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी करणार नाही असं कबूल केलं. लग्न कागदावर तसंच राहिलं. दादाजींनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, १८९४ मध्ये ब्रुसेल्सहून एमडी केलं, आणि मग सुरतेला आणि राजकोटला डॉक्टर म्हणून आयुष्य घातलं. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. लग्न राणीने मोडलं असतं तर ती साडी कशाला नेसल्या असत्या?

लेस्टरकर

दप्तरीकाका, फार छान लिहिलंत, ते १८८४ चं मला माहीत नव्हतं. ताई, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, राणीला अधिकार होता का आणि नामधारीपण कधी आलं. मोठं होईल, चालवून घ्या.

आधी एक भाषेचा घोळ. आपल्याकडे राजाची बायको पण राणी आणि स्वतः गादीवर बसून राज्य करणारी पण राणी, एकच शब्द. इंग्लंडमध्येही तोच घोळ होता आणि म्हणून सुरुवातीला लोकांना कळेचना की गादीवर बसलेल्या बाईला म्हणायचं तरी काय. बाराव्या शतकात मटिल्डा म्हणून होती, पहिल्या हेन्रीची मुलगी, बापाने सगळ्या सरदारांकडून तिच्यासाठी शपथा घेतलेल्या, पण बाप मेल्यावर आतेभाऊ स्टीफन जाऊन गादीवर बसला. वर्षानुवर्षं लढाई चालली, ११४१ मध्ये तिने स्टीफनला पकडलं, लंडनला पोचली, राज्याभिषेक होणार तेवढ्यात लंडनच्या लोकांनीच तिला पळवून लावलं. तिच्या वाट्याला 'इंग्रजांची स्वामिनी' एवढाच किताब आला, राणी हा शब्द नाही. पुढे तिचा मुलगा राजा झाला.

त्यानंतर चारशे वर्षांनी मेरी ट्यूडर, १५५३. त्या आधी लेडी जेन ग्रेला नऊ दिवस बसवलं होतं, पुढे त्या पोरीचं डोकं उडवलं, जेमतेम १६-१७ वर्षांची. मेरी गादीवर आली तेव्हा प्रश्न पडला की कायद्यात सगळीकडे राजा राजा लिहिलंय, मग राणीला ते अधिकार आहेत की नाहीत? १५५४ मध्ये पार्लमेंटला चक्क कायदा करावा लागला की गादीवर बाई असली तरी अधिकार राजाइतकेच पूर्ण. स्पेनच्या फिलिपशी तिचं लग्न झालं तेव्हाही करारात लिहून घेतलं की राज्यकारभार तिचाच राहील. आपण सगळे 'ब्लडी मेरी' म्हणून तिला ओळखतो, तिने प्रोटेस्टंट लोकांना जाळलं, २८० च्या आसपास माणसं, ते कोणी विसरूही नये. पण एलिझाबेथला जी गादी मिळाली तिची कायद्यातली बैठक या बहिणीने घालून ठेवलेली होती हे फारसं कोणी बोलत नाही, मला तो अन्याय वाटतो. वेस्टमिन्स्टर ॲबीत दोघी एकाच थडग्यात आहेत. मी दोनदा जाऊन पाहिलंय. वर संगमरवरात फक्त एलिझाबेथ झोपलेली आहे, मेरीचा पुतळाच नाही, खाली लॅटिनमध्ये दोन ओळी आहेत की सिंहासनात आणि थडग्यात सोबती असलेल्या आम्ही दोघी बहिणी इथे झोपलो आहोत. लोक फोटो काढतात ते एलिझाबेथचे.

आता एलिझाबेथची पॉवर म्हणजे काय ते एका गोष्टीत सांगतो. १५७९ मध्ये तिचं फ्रेंच राजपुत्राशी लग्न घाटत होतं, जॉन स्टब्ज नावाच्या माणसाने त्याविरुद्ध पुस्तिका छापली. तिने त्याचा उजवा हात तोडायला लावला, भर चौकात, लोकांसमोर. आणि त्या माणसाने डाव्या हाताने टोपी काढून राणीचा जयजयकार केला आणि बेशुद्ध पडला. ही होती पॉवर. पण तिलाही हवं ते सगळं करता येत नव्हतं, पैशासाठी पार्लमेंट लागायचं, आणि १६०१ मध्ये मक्तेदाऱ्यांवरून सभासद चिडले तेव्हा तिला माघार घ्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १६०० ला, तिने पूर्वेकडच्या व्यापारासाठी एका कंपनीला सनद दिली. ती कोणती कंपनी हे आपल्याला सांगायला नको.

मग गणित बदललं ते सतराव्या शतकात, एका राजाचं डोकं उडवलं, एकाला पळवून लावलं, १६८९ मध्ये दुसरी मेरी आणि तिचा नवरा विल्यम यांना पार्लमेंटने अटी घालून बसवलं. पुढे ॲन राणी, बिचारीची १७ बाळंतपणं की गर्भपात आणि एकही मूल मागे उरलं नाही, संधिवाताने इतकी जखडलेली की राज्याभिषेकाला खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. तिने मार्च १७०८ मध्ये स्कॉटलंडच्या मिलिशियाच्या बिलाला संमती नाकारली, तेही मंत्र्यांच्या सल्ल्याने. पार्लमेंटने पास केलेलं बिल ब्रिटनच्या गादीने नाकारलं ते तेव्हा शेवटचं, त्यानंतर आजपर्यंत नाही.

म्हणजे व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला १८ व्या वर्षी गादीवर आली तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. तरी तिने सुरुवातीला जोर लावून पाहिला. १८३९ मध्ये नवा पंतप्रधान होऊ घातलेल्या पीलने म्हटलं की तुमच्या दिमतीच्या बायकांमध्ये सगळ्या विरोधी पक्षाच्या घरातल्या आहेत, त्यातल्या काही बदला. हिने साफ नकार दिला, पीलने सरकार बनवायला नकार दिला आणि आधीचे पंतप्रधान मेलबर्नच पुन्हा पंतप्रधान राहिले. दोन वर्षांनी निवडणूक झाली, पीलला बहुमत मिळालं आणि मग तिला ऐकावं लागलं. रखमाबाईंच्या केसच्या वेळी तर ५० वर्षं होऊन गेलेली. ती मंत्र्यांना खरमरीत पत्रं लिहायची, ओरडायची, सल्ला द्यायची, त्याचा परिणामही व्हायचा, पण हायकोर्टाचा दिवाणी निकाल स्वतःच्या मनाने फिरवणं तिच्या हातात नव्हतं. निकालाविरुद्ध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापर्यंत, अपील करता यायचं, पण तिथेही न्यायाधीश बसायचे, फक्त शिक्का तिच्या नावाचा.

गिरगावची_सून

वाचतेय. लेस्टरकर, ते राजाची बायको आणि राज्य करणारी यावरून कॅथरीन आठवली. आपली मुंबई आंदणात दिली ती हिच्याबरोबर, पोर्तुगालची राजकन्या, १६६१ चा करार. कोणाची मुंबई कोण देतंय आणि जिच्या नावाने देतायत त्या मुलीला विचारलंय का, तर नाही. नवऱ्याने, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने, १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने बेटं कंपनीला देऊन टाकली. ही इंग्लंडची राणी म्हणवली पण हातात काही नाही, मूल झालं नाही, नवऱ्याच्या बायका डोळ्यांसमोर. आणि तीच कॅथरीन म्हातारपणी माहेरी परत गेली आणि पोर्तुगालमध्ये भावाच्या आजारपणात तिने राज्यकारभार बघितला, १७०४-०५ च्या सुमाराला, लढाई चालू असताना. म्हणजे येत होतं तिला, पण सासरी कधी करू दिलं नाही. माझ्या सासूबाई हे ऐकून अर्धा तास गप्प बसल्या होत्या.

पेठकर

वरचं सगळं मान्य, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. राणीने लग्न मोडलं ही गोष्ट खोटी आहे हे ठीक, पण ती लोकांना खरी का वाटली ते पण बघा ना. आपल्या माणसांनी त्या बाईचं नाव सतत वापरलं. १ नोव्हेंबर १८५८ चा जाहीरनामा राणीच्या नावाने निघाला, रंग-धर्म न बघता नोकऱ्या देऊ वगैरे वचनं त्यात होती, आणि पुढे पन्नास वर्षं आपले लोक प्रत्येक अर्जात तेच लिहीत राहिले की बाई, तुम्ही शब्द दिलाय. १८७७ ला दिल्ली दरबार भरला, ती कैसर-ए-हिंद झाली, तेव्हा पुण्याहून सार्वजनिक काका गेले, हातमागाच्या जाड्याभरड्या कपड्यांत, त्या सगळ्या हिऱ्यामाणकांच्या राजेरजवाड्यांमध्ये, आणि सार्वजनिक सभेचं मानपत्र दिलं, त्यात मागणी केली की इंग्लंडच्या प्रजेला जे हक्क तेच आम्हाला द्या. म्हणजे राणीचं नाव हे आपल्या लोकांसाठी एक हत्यार होतं. रखमाबाईंनी पण तेच हत्यार उचललं. ज्युबिलीच्या वर्षी सगळं साम्राज्य तिला आई आई म्हणत असताना ही म्हणाली, आई आहेस ना, मग लेकींचं ऐक. हे फार हुशारीचं होतं.

पण त्याच जाहीरनाम्यात दुसरं वचन पण होतं की प्रजेच्या धर्मात सरकार ढवळाढवळ करणार नाही. आणि विरोधकांनी ते धरून ठेवलं. रखमाबाईंच्या वेळी टिळकांनी केसरीतून त्यांच्या विरोधात लिहिलं, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी पण विरोधात होते, आणि तिथे मुद्दा हाच, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. मी टिळकांना मानतो, माझ्या घरी त्यांचा फोटो आहे, पण या बाबतीत ते चुकले असं मला वाटतं आणि ते मोकळेपणाने बोललं पाहिजे. त्या भांडणात रखमाबाई कुठे होत्या? एकीकडे राणीचं वचन, दुसरीकडे आपल्या पुढाऱ्यांचा स्वाभिमान, आणि मधे २२ वर्षांची मुलगी म्हणतेय की मला नको तिथे मी जाणार नाही. तिच्या नकाराला दोन्हीकडे जागा नव्हती.

आणि पुण्याने राणीकडे नुसती आई म्हणून बघितलं असंही नाही. चापेकरांनी मुंबईतल्या तिच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली, १८९६. रँडला गोळ्या घातल्या ती रात्र २२ जून १८९७, तिच्या कारकिर्दीच्या ६० वर्षांच्या समारंभावरून तो परतत होता गणेशखिंडीतून. ती बाई हजारो मैलांवर, तिला पुण्यातला प्लेग आणि घराघरात शिरलेले सोल्जर कितपत कळत होते देव जाणे, पण सगळं तिच्याच नावाने चाललेलं.

वेलिंग्टनची_माई

खूप दिवसांनी लिहितेय इथे, पण धागा वाचून राहवलं नाही. मी न्यूझीलंडमध्ये राहते, लेकीकडे आले ती इथलीच झाले. पेठकर, तुम्ही म्हणालात ना सगळं तिच्या नावाने, त्याचं एक उलटं उदाहरण माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे.

इथल्या नॅशनल लायब्ररीत एका अंधाऱ्या खोलीत काचेखाली एक कागदाची गुंडाळी ठेवलीय. १८९३ चा अर्ज, बायकांना मताचा हक्क द्या म्हणून. केट शेपर्ड आणि तिच्या मैत्रिणींनी खेडोपाडी हिंडून सह्या गोळा केल्या, त्या वर्षी मिळून १३ अर्ज झाले, सह्या जवळजवळ ३२ हजार. त्यातला हा सगळ्यात मोठा, ५४६ कागद एकाखाली एक डकवून केटने झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळला. पार्लमेंटमध्ये एका सभासदाने तो जमिनीवर सोडला तर उलगडत उलगडत दांडा दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर जाऊन आपटला म्हणतात. मी काचेला नाक लावून सह्या वाचल्या, काही टपोऱ्या, काही अगदी थरथरत्या, कुठे शाई सांडलेली. एवढ्या बायकांनी पीठ मळता मळता हात पुसून सही केली असेल असंच वाटत राहतं.

१९ सप्टेंबर १८९३ ला तो कायदा झाला, स्वयंशासित देशात बायकांना पार्लमेंटच्या मताचा हक्क पहिल्यांदा इथे मिळाला, आणि गव्हर्नरने सही केली ती व्हिक्टोरियाच्या नावाने. आणि व्हिक्टोरिया स्वतः बायकांच्या हक्कांच्या चळवळीच्या पूर्ण विरोधात होती, १८७० मध्येच तिने एका पत्रात या सगळ्याला दुष्ट वेडेपणा म्हटलं होतं. तिच्या मनात नव्हतं तरी झालं, कारण इथे पार्लमेंट होतं आणि त्याने ठरवलं. आणि तिकडे रखमाबाईंच्या बाबतीत समजा तिला कितीही कळवळा आला असता तरी आपल्याकडे निवडून दिलेलं पार्लमेंटच नव्हतं, १८९१ चा संमतिवयाचा कायदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलने केला, मुलीचं शरीरसंबंधाला संमती द्यायचं वय १० वरून १२ केलं, लग्नाचं वय तर नाहीच. त्या कौन्सिलमध्ये एकही बाई नाही आणि कोणा बाईने निवडून दिलेला एकही पुरुष नाही. आजींना हे सांगा ताई. गादीवर बाई आहे का हे बघून बायकांना काय मिळालं ते कळत नाही, मत कोणाच्या हातात होतं ते बघावं लागतं.

पुढचं पण सांगते कारण मला त्याचा आनंद होतो. २००५-०६ मध्ये इथे एक वेळ अशी आली की दुसरी एलिझाबेथ गादीवर, गव्हर्नर जनरल सिल्विया कार्टराइट, पंतप्रधान हेलन क्लार्क, सरन्यायाधीश सियान इलायस आणि पार्लमेंटच्या स्पीकर मार्गारेट विल्सन, सगळ्या बायका. पण यातली राणी सोडली तर बाकी सगळ्या कामाने तिथे पोचल्या होत्या. आणि कॉमनवेल्थमध्ये निवडणूक जिंकून पंतप्रधान होणारी बाई सगळ्यात आधी झाली ती आपल्या शेजारी, सिलोनमध्ये, सिरिमावो बंदरनायके, जुलै १९६०, अख्ख्या जगात पहिली. इंग्लंडला थॅचर यायला त्यानंतर १९ वर्षं लागली.

लेस्टरकर

माई, दुष्ट वेडेपणा हे वाचलेलं होतं पण त्याला न्यूझीलंडशी जोडून कधी बघितलं नव्हतं, आभार. एक छोटी भर घालतो. घरातल्या थोरल्या मुलीला मागे सारून धाकट्या भावाला गादी द्यायची ही रीत ब्रिटनमध्ये अगदी परवापर्यंत चालू होती. २०११ मध्ये पर्थला राणीच्या सगळ्या देशांच्या पंतप्रधानांनी ती बदलायचं ठरवलं, प्रत्येक देशाने आपापल्या इथे मान्यता द्यायला २०१५ उजाडलं. म्हणून २०१८ मध्ये राजपुत्र विल्यमचा धाकटा मुलगा लुई जन्मला तरी त्याच्या बहिणीचा, शार्लटचा नंबर त्याच्या आधीच राहिला. दुसऱ्या एलिझाबेथला तर स्वतःला कायम वारस धरलेलं नव्हतं, भाऊ झाला असता तर गादी त्याची. ७० वर्षं राज्य केलेल्या बाईची ही गोष्ट आहे.

वाचनवेडी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी सगळे प्रतिसाद फोनवर उघडून आजींकडे गेले, त्यांना चष्म्यानेही बारीक दिसत नाही म्हणून वाचून दाखवले. स्टब्जच्या हाताच्या इथे त्यांनी "अगंबाई" केलं आणि कॅथरीनचं परत वाचायला लावलं.

दप्तरीकाका, पांढऱ्या साडीपाशी आजींनी मला थांबवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती नेसली म्हणजे तिच्या लेखी तो नवरा होता, पण त्याच्या घरी ती गेली नाही, दोन्ही गोष्टी तिनेच ठरवल्या. मला हे असं सुचलं नसतं.

मी वाचता वाचता हिशोब केला. रखमाबाई गेल्या २५ सप्टेंबर १९५५ ला. आजींचं लग्न १९५५ च्या दिवाळीनंतर, तेव्हा बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीचं वय १५ झालेलं होतं. म्हणजे रखमाबाईंनी राणीकडे मागितलेलं मुलीचं १५ हे वय तोपर्यंत कायद्यात आलेलं होतं, पण त्याआधी झालेलं लग्न बेकायदेशीर धरायची त्यांची मागणी त्यात नव्हती, नुसती शिक्षा होती, आणि तरी आजींना चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभं केलं, गावात कोणी विचारलंही नाही. सहामाहीचा पेपर काही त्यांनी दिला नाही.

शनिवारी मी आधी चूक दुरुस्त करणार, मागच्या वेळी चुकीचं सांगितलं म्हणून. आजींचं म्हणणं पडलं की राणीचं थोडक्यात आटप आणि त्या मुलीने पेपरात जी पत्रं लिहिली ती वाचून दाखव, तिच्या तोंडचंच ऐकू दे. तेव्हा शेवटची एक विनंती, 'एक हिंदू स्त्री' या नावाने लिहिलेली ती पत्रं कोणी चांगल्या मराठीत केलेली कुठे वाचायला मिळतील का? मिळाली नाहीत तर मीच बसून करेन, पण शनिवारला चारच दिवस आहेत.